मसुदा ठरतो तेव्हा तालुका कुठे असतो?

वीजदर, औद्योगिक सवलती, वस्त्रोद्योग धोरण, बाजार समितीचे नियम हे सगळे मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठरते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात मंत्रिमंडळापुढे जी टिपणी येते तिच्यात कोणते मुद्दे असावेत, हे कितीतरी आधी, उद्योजकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांनी दिलेल्या निवेदनांतून व सचिवांबरोबरच्या बैठकांतून बरेचसे ठरून गेलेले असते. यात मुळात काही गैर आहे असे मला वाटत नाही. ज्याला धंद्याची अडचण माहीत आहे त्याने ती सरकारला सांगितलीच पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दालमिल चालवणारा माणूस म्हणून माझे म्हणणे असे आहे, की सरकारपर्यंत जाणारी ही वाट सर्वांना दिसेल अशी असावी आणि तीवर लहान गिरणीवाल्यालाही, कास्तकारांच्या उत्पादक कंपनीलाही चालता यावे.

या संघटना आजकालच्या नाहीत. वालचंद हिराचंदांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर ही व्यापार-उद्योगांची राज्यस्तरीय संघटना 1927 साली स्थापन झाली, नागपुरात नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स 1944 पासून आहे आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन 1963 पासून. इतकी वर्षे टिकलेल्या संस्थेकडे कार्यालय असते, पगारी माणसे असतात, सनदी लेखापाल आणि वकील असतात, आणि मंत्री बदलले तरी मागच्या दहा वर्षांचा पत्रव्यवहार कपाटात जागेवर असतो. आपल्या भागात मात्र प्रश्न पेटला की समिती होते, निवेदन दिले जाते, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि पुढच्या हंगामापर्यंत ती समिती कुणाला आठवतही नाही.

या जुन्या संघटनांच्या प्रयत्नांना फळ कसे येते याची दोन उदाहरणे सर्वांना माहीत आहेत. स्थानिक संस्था कराविरुद्ध, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर महापालिका लावत त्या कराविरुद्ध, राज्यभरातल्या व्यापारी संघटनांनी दुकाने बंद ठेवली, बैठका केल्या, निवडणुकीत तो मुद्दा केला. अखेर 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांसाठी तो कर रद्द झाला आणि महापालिकांचे बुडालेले उत्पन्न भरून देण्याचा भार राज्याच्या तिजोरीवर आला. दुसरे उदाहरण 2016 सालच्या वीजदर सवलतीचे. वीज चंद्रपूरला आणि कोराडीला तयार होते, राख आणि धूर आम्ही सोसतो, आणि शेजारच्या छत्तीसगडमध्ये वीज स्वस्त असल्यामुळे कारखाने तिकडे जातात, हा युक्तिवाद विदर्भातल्या उद्योगांनी वर्षानुवर्षे मांडला. शेवटी विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि औद्योगिकदृष्ट्या मागास अशा 'ड' व 'ड+' वर्गातील तालुक्यांतल्या उद्योगांना सवलत मिळाली. तिचा लाभ माझ्यासारख्यांनाही झाला, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो.

पण या सगळ्याचे खरे शिक्षण मला मिळाले ते अमरावतीच्या वीजदर सुनावणीत. वीज कायदा 2003 प्रमाणे वितरण कंपनीचा दरवाढीचा प्रस्ताव राज्य वीज नियामक आयोगापुढे जातो, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, कोणत्याही ग्राहकाला मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि त्यानंतर जाहीर सुनावणी होते. ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी आयोग अधिकृत प्रतिनिधीही नेमतो. मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याचा प्रयास ऊर्जा गट, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आणि आपली विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन ही नावे आयोगाच्या आदेशांत वर्षानुवर्षे त्या यादीत दिसतात. चारांपैकी दोन उद्योगांच्या संघटना आहेत, ग्रामीण ग्राहकाची स्वतंत्र अशी एकही नाही.

त्या दिवशी एका उद्योग संघटनेचे प्रतिनिधी उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातातल्या, वितरण कंपनीच्या दरवाढीच्या याचिकेच्या पानापानावर रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. अमुक पानावरचा तक्ता आणि तमुक पानावरचा तक्ता जुळत नाही, विनामीटर शेतीपंपांचा वापर फुगवून दाखवला की वितरणातली गळती त्यात झाकली जाते आणि त्या गळतीचा भार प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्या ग्राहकावर येतो, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. आयोगाचे सदस्य लिहून घेत होते. त्यांच्यानंतर एक वयस्कर कास्तकार बोलले. विहिरीवरचा पंप पाच अश्वशक्तीचा, बिल मात्र साडेसातचे, ही त्यांची तक्रार होती. दुमडून दुमडून घडीवर फाटलेले बिल त्यांनी वर धरून दाखवले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. उत्तर मिळाले, की वैयक्तिक तक्रारीसाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे अर्ज करावा.

दोघांच्या बोलण्याचा विषय एकच होता, कारण पंपाची अश्वशक्ती कागदावर वाढवली की शेतीचा वापरही कागदावरच वाढतो. त्या बाबांच्या बिलात जे होते तेच त्या तक्त्यात होते. मात्र एकाची तक्रार राहिली आणि दुसऱ्याचा धोरणाचा मुद्दा झाला. आयोगाच्या आदेशात हरकत, तिच्यावर वितरण कंपनीचे उत्तर आणि आयोगाचा निष्कर्ष हे एकाखाली एक छापलेले असते. त्याच तालुक्यातली शंभर बिले एका तक्त्यात मांडून मुदतीत दाखल झाली असती, तर त्या प्रश्नालाही निष्कर्ष द्यावा लागला असता. संघटना नेमके हेच काम करते आणि ते काम आपल्याकडे कुणीही करत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वीजदराच्या बाबतीत निदान कायद्याने दार उघडे ठेवले आहे. बाकी ठिकाणी तेही नाही. कापसाचेच घ्या, तो निर्णय केंद्राचा असला तरी रीत तीच. कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढावे ही वस्त्रोद्योग संघटनांची जुनी मागणी होती. ऑगस्ट 2025 मध्ये ते 30 सप्टेंबरपर्यंत माफ झाले आणि लगेच ती मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली, म्हणजे आमच्या भागातला नवा कापूस दिवाळीच्या सुमारास घरात येतो तो काळ नेमका त्यात सापडला. स्वस्त रुई मागणे हा सूतगिरणीचा हक्क आहे. परंतु त्या मागणीसोबत कोणते आकडे दिले गेले, ते कुणी तपासले आणि कास्तकाराची बाजू त्याच टेबलावर कुणी ठेवली, हे निर्णयाआधी आपल्याला कळण्याची काहीच सोय नव्हती.

राज्य सरकारने 2022 च्या अखेरीस टाटा सन्सचे एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली आर्थिक सल्लागार परिषद नेमली. जाणत्या माणसांचा सल्ला घ्यावाच. परंतु परिषद असो की चेंबर, सरकारला दिलेले प्रत्येक निवेदन आणि त्यावरचा विभागाचा अभिप्राय निर्णयाआधी संकेतस्थळावर, मराठीत, आला पाहिजे. ही मागणी नवी नाही. माहितीचा अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 मध्ये महत्त्वाचे धोरण आखताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करण्याचे बंधन सरकारवर आधीच घातलेले आहे. केंद्राने 2014 मध्ये कायद्यांचे मसुदे किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवण्याचे ठरवले; राज्याने शासन निर्णयांनाही ती शिस्त लावावी.

जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा उद्योग मित्र समिती असते, जिला सगळे 'झूम' म्हणतात. आमच्याकडे तिथे प्रामुख्याने औद्योगिक वसाहतीतले रस्ते, पाणी आणि पथदिवे यांची चर्चा होते. वसाहतीबाहेरच्या दालमिल, जिनिंग, तेलघाणे आणि उत्पादक कंपन्या यांचा प्रतिनिधी या समितीवर असलाच पाहिजे, असे पत्र आम्ही काही गिरणीवाल्यांनी जिल्हा उद्योग केंद्राला दिले आहे.

दुसरे काम आमचे आम्हीच करायचे आहे. तुरीची आवक संपली की दालमिल बंद असते, तरी मागणी आकार, म्हणजे वीज वापरली नाही तरी जोडणीपोटी लागणारी रक्कम, दर महिन्याला भरावाच लागतो. उच्चदाब जोडणीच्या जिनिंगसाठी हंगामी उद्योग असा वेगळा वर्ग दरपत्रकात राहिलेला आहे. लहान लघुदाब गिरण्यांना तसा दिलासा का नसावा, हा प्रश्न पुढच्या दर सुनावणीत लेखी मांडायचा आहे. त्यासाठी तालुक्यातील गिरण्यांची मागच्या तीन वर्षांची वीजबिले, चालू आणि बंद महिने वेगळे दाखवून, एका तक्त्यात आणायची आहेत. ज्या कास्तकारांच्या पंपाची अश्वशक्ती बिलावर जास्त लागली आहे त्यांनी बिलाची प्रत आणि पंपावरच्या पाटीचा फोटो द्यावा. त्याचा तक्ता स्वतंत्र करू. हिशेब मांडण्यात मदत करू शकतील अशा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांची आणि निवृत्त वीज कर्मचाऱ्यांची विशेष गरज आहे. जाहीर सूचना आल्यावर हरकतीसाठी मुदत थोडीच मिळते, म्हणून हे काम आताच सुरू केले आहे. ज्यांना सहभागी व्हायचे आहे त्यांनी इनबॉक्समध्ये गावाचे नाव आणि जोडणीचा प्रकार कळवावा.