जरा अगुदर सांगा लागते

"किती देते?" हा नागपुरात जुन्या गाडीच्या मालकाला विचारला जाणारा पहिला प्रश्न. दुसरा, "विकायची का?" आमची अॅम्बेसेडर मार्क टू १९७२ सालची. ती फाटकाशी उभी असली की पेपरवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळे याच दोन प्रश्नांत तिची विचारपूस आटोपतात. ती थांबते का, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. गाडी चालणं हा पराक्रम आणि थांबणं गृहीत, असाच एकूण समज दिसतो.

केंद्र सरकारचा २०२१ चा नियम म्हणतो की पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटली की गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. फी २० हजार रुपये, आणि नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच तिला बाहेर पडायची मुभा. मी अजून ही नोंदणी केलेली नाही, पण केली तरी आम्हाला काडीचा फरक पडणार नाही. आमची गाडी वर्षानुवर्षं देखभालीखेरीज कुठे गेलेलीच नाही.

तर ब्रेक. पावसाळ्याच्या तोंडाशी पुढच्या डाव्या चाकातून किर्रर्र असा आवाज यायला लागला. आधी तो फक्त थांबताना यायचा, म्हणजे क्वचित. पुढे पेडल खाली-खाली जायला लागलं. शंकर नगर चौकात थांबायचं असेल तर त्याचा विचार लक्ष्मी भवन चौकातच सुरू करावा लागे. मागे घेताना तर परिस्थिती आणखी नाजूक. या गाडीच्या पुढच्या चाकांची रचनाच अशी की ब्रेकचा सगळा जोर पुढे जाताना. रिव्हर्समध्ये पुढचे ब्रेक निम्म्यानं तरी ढिले पडतात. पोर्चमधल्या मोगऱ्याच्या कुंडीला हे तांत्रिक कारण समजावून सांगायची संधी मिळाली नाही.

आमच्या ओळीत तीन निवृत्त अभियंते राहतात. त्यांतल्या एकानं निदान केलं, "नागपूरचं ऊन हो! ड्रम फुगतो." ड्रम म्हणजे चाकातला ब्रेकचा डबा; तो तापला की फुगतो आणि आत त्याला घासणाऱ्या शूपासून लांब जातो, हे खरं आहे. पण तो तापतो ब्रेकच्या घर्षणानं, आणि तेही दोन-तीनशे अंशांपर्यंत. त्याच्यापुढे २३ मे २०१३ चे आपले ४७.९ अंश म्हणजे महाबळेश्वर. दुसऱ्यानं डिस्क बसवून टाका म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं ब्रेकवर पायच न ठेवता गिअरवर गाडी थांबवायची जुनी विद्या सांगितली, आणि ती सांगताना स्वतः गाडीसमोरून बाजूला झाला.

रचना खरं तर फार सरळ आहे. चाकाबरोबर फिरणारा ओतीव लोखंडाचा डबा म्हणजे ड्रम, त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू आणि शूवर घासायचं लायनर. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब चाकापर्यंत पोचतो, व्हील सिलिंडरचे पिस्टन शूला बाहेर लोटतात आणि लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला भिडतं. पाय काढला की स्प्रिंग दोघांना मागे ओढते. खुबी अशी की फिरता ड्रम शूला स्वतःच आणखी आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे पायाच्या जोरात फुकटची भर पडते. लुई रेनोनं १९०२ मध्ये ड्रम ब्रेकचं पेटंट घेतलं. लायनर झिजलं की मात्र त्याला धरून ठेवणारे रिबिट उघडे पडतात आणि ड्रमवर रेघोट्या ओढायला लागतात. माझा किर्रर्र तोच होता.

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या पोरानं कॉम्प्युटरकडे पाहत विचारलं, "मॉडेल?"

"अॅम्बेसेडर, मार्क टू."

त्यानं टाइप केलं, वाट पाहिली, पुन्हा टाइप केलं. "सर, ते यादीत येतच नाही. दुसरं कोणतं चालेल?"

उत्तरपाड्याच्या कारखान्यातली शेवटची अॅम्बेसेडर २०१४ मध्ये बाहेर पडली. तेव्हा हा पोरगा चौथीत वगैरे असावा. आत गल्ल्यावर बसलेले त्याचे आजोबा मात्र चष्मा वर करून म्हणाले, "शू कायले शोधता? जुन्यावरच लायनर मारून घ्या. महालात आहे एक मिस्त्री." महाल ही नागपूरची जुनी वस्ती, आणि पत्ताही नागपुरी पद्धतीचा मिळाला: चिटणीस पार्कच्या मागं जा, तिथं कोणालेही विचारा.

भल्या पहाटे, रस्ते मोकळे असताना, दुसऱ्या गिअरमध्ये मी निघालो. कॉटन मार्केटकडून गांधीसागरापर्यंत आलो तेव्हा तलावाच्या कठड्यावर फिरायला आलेली मंडळी हात हलवत होती. काही कौतुकानं आणि एक-दोघं घाबरून.

मिस्त्री सत्तरीचा, गोणपाटावर बसलेला. सगळे त्याला उस्ताद म्हणतात, म्हणून मीही. त्यानं गाडीत बसून पेडल दाबलं, पुन्हा दाबलं, आणि उतरला.

"ब्रेक लागतच नाहीत उस्ताद," मी म्हणालो.

"लागते न बाप्पा, कायले नाई लागत? जरा अगुदर सांगा लागते तिले."

ड्रम निघायलाच दुपार झाली. गंजलेल्या स्क्रूंना डिझेल पाजलं, ड्रमच्या कडेवर चहूबाजूंनी हातोडीनं टकटक केलं, शिव्या दिल्या. शिव्या देण्यापुरती मलाही संधी होती. शेवटी ड्रम सुटला तेव्हा आत काळ्या भुकटीचा थर होता. उस्तादनं फुंकर मारायला गाल फुगवले आणि मी मध्ये हात घातला. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, हे मी त्याला सांगितलं. "सारी जिंदगी फुकून रायलो," तो म्हणाला. तरी ओल्या फडक्यानं पुसलं खरं. या एका बाबतीत मी थट्टा करत नाही. गाडी कुणाचीही असो, ड्रम ओल्या फडक्यानंच पुसा.

व्हील सिलिंडर गळत होतं, त्याला नवीन किट. ड्रम लेथवाल्याकडे, आतून कट मारायला. लेथवाल्यानं विचारलं, "किती देते?"

आणि मग मारबत आली, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची नागपुरी मिरवणूक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत कोणाला कामाला लावणं म्हणजे दिवाळीत वकील शोधणं. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. इतक्या वर्षांत ती कुणाच्या ब्रेकसाठी थांबलेली नाही. आमची गाडी पुढची दोन्ही चाकं काढून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, उभी, शेजारून बडग्यांच्या, म्हणजे मारबतीसोबतच्या पुतळ्यांच्या, मागे पोरं ओरडत चाललेली, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" सौ. फोनवर ते ऐकत होती. म्हणाली, "मग द्या ना सोबत. एवढी सजवलेली आयती बडगी त्यांना कुठे मिळणार?"

मारबत गेली आणि उस्ताद बसला लायनर मारायला. ते पाहण्यासाठी मी परत परत गेलो असतो. जुने रिबिट ठोकून काढले, शू घासून पांढरा केला. नवी पट्टी शूवर धरून भोकं पाडली, भोकांची तोंडं रुंद केली, म्हणजे रिबिटचं डोकं पृष्ठभागाच्या खाली बुडेल. मग पितळी रिबिट. पहिला मधला आणि तिथून एक इकडे, एक तिकडे, टोकाकडे सरकत. टोकापासून सुरुवात केली तर पट्टी मध्ये फुगते आणि आयुष्यभर फुगलेलीच राहते. प्रत्येक रिबिट ठोकून झाला की तो नखानं शू वाजवून बघायचा. बद्द आवाज आला की रिबिट ढिला, काढून पुन्हा. शेवटी त्यानं लायनरवर शाळेतला खडू घासला, शू लावले, ड्रम चढवून हातानं फिरवला आणि उतरवून बघितला. जिथला खडू पुसला गेला तेवढीच जागा कानशीनं उतरवली. पुन्हा खडू. हे सगळं बिडी विझू न देता. मी नोकरीत पाहिलेल्या कुठल्याही इन्स्पेक्शनमध्ये एवढा खडू सोडाच, एवढं लक्षही वापरलं गेलं नव्हतं.

उरलं ब्रेकची हवा काढणं. पाइपात हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल दाबल्यावर ऑइलऐवजी बुडबुडाच दबत राहतो. यासाठी दोन माणसं लागतात. एकानं गाडीत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी निपल उघडून हवा जाऊ द्यायची आणि ते बंद होईपर्यंत पहिल्यानं पाय उचलायचा नाही. उचलला तर गेलेली हवा हसत परत येते. उस्तादचा पोरगा मारबतीच्या जागरणानं झोपलेला होता, म्हणून मी बसलो. थोड्या वेळानं गाडीखालून आवाज आला, "साहेब, तुमी उतरा. तुमी लय विचार करून दाबता."

सौ. इतवारीत साडीला फॉल लावायला टाकून तिथेच येऊन उभी होती. "मी बसू का?" तिनं पर्स माझ्याकडे दिली आणि बसली.

"दाबा ताई."

"दाबलं."

"धरा."

"धरलंय."

"सोडा."

एकही जादा शब्द नाही. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून दोघांनी चारही चाकांची हवा काढली. मी एका हातात पर्स, दुसऱ्या हातात बाटली धरून तिच्यात बुडवलेल्या नळीतले बुडबुडे बघत होतो. बाटली सांडू नका, असं मला दोघांनी वेगवेगळं बजावलं, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. मधेच सौ.नं खिडकीतून सांगितलं, "उस्ताद, कडक लागायला लागलं हो आता." खालून उत्तर आलं, "लागनच. तुमचा पाय बराबर आहे."

त्यानंतर ड्रमच्या भोकातून पेचकस घालून चाक जाम होईपर्यंत ऍडजस्टर आवळला, मग जरासा ढिला केला, आणि गाडी घोड्यांवरून उतरली. नवं लायनर ड्रमशी जुळेपर्यंत थोडं डावीकडे ओढणार, हे उस्तादनं आधीच सांगून ठेवलं होतं.

बडकस चौकाकडे निघालो. समोर एक गाय आली आणि मी सवयीनं पेडलवर उभाच राहिलो. गाडी थांबली. तिथल्या तिथे, नाक खाली घालून, जराशी डावीकडे वळून. गाय चकित झाली, सौ.नं डॅशबोर्ड धरला, आणि मागे करकचून एक ऑटो आमच्या बंपरपासून वीतभर अंतरावर येऊन थांबला.

ऑटोवाला उतरून खिडकीशी आला. "काकाजी, ब्रेक लाइट नाई लागून रायला तुमचा! मानसाले समजन कसं?"

तिथूनच उस्तादला फोन लावला. या गाड्यांचा ब्रेक लाइटचा स्विच ऑइलच्या दाबावर चालतो. इतके दिवस त्याला पुरेसा दाब कधी मिळालाच नव्हता. तो केव्हाचा बसलाय हे कोणाला कळणार?

"ते वायरिंगवाल्याचं काम," उस्ताद म्हणाला. "तो गणपतीनंतर भेटन."