एमजीएच्या बॉनेटखाली अँबॅसेडर

रविवारी सकाळी नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या कट्ट्यावर गाडी लावली, बॉनेट उघडलं आणि वादाला तोंड फुटलं. गाडी १९५७ सालची एमजीए, म्हणजे एमजी कंपनीची विलायती स्पोर्ट्स कार, माझ्या मामांची. ते गेल्यावर माझ्याकडे आली. आत इंजिन मात्र अँबॅसेडरचं आहे.

वकीलसाहेबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "मग ही एमजी कुठली राहिली? घोड्याला बैलाचं काळीज बसवलंय मामांनी."

मला ते झोंबलं. म्हटलं, "साहेब, बैल नाही, एकाच घरातली भावंडं आहेत ही." इंग्लंडात ॲबिंग्डनला १९५५ साली एमजीए निघाली तेव्हा तिच्यात बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी सिरीज इंजिन होतं, १४८९ सीसी. उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने अँबॅसेडरला बसवलं ते त्याच कुळातलं, तेही १४८९ सीसी. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास तोच, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धावही तीच. एमजीला एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्ट वेगळा, म्हणून ती आधी ६८ आणि लवकरच ७२ हॉर्सपॉवर द्यायला लागली. अँबॅसेडर ५५ च्या आसपास. १९७४ साली आमच्या गाडीच्या ब्लॉकला तडा गेला. बाहेरून स्पेअर मागवायचा तर लायसन्स, ड्यूटी आणि नुसती वाट बघणं. मामांनी अँबॅसेडरचं इंजिन आणलं, जुने दोन्ही एसयू मॅनिफोल्डसकट त्यावर चढवले आणि आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढवून घेतला. शिक्का अजून वाचता येतो.

"शिक्का आहे हे उत्तम," वकीलसाहेब म्हणाले, "पण २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, तो मूळ स्वरूपात राखलेली असेल तरच. चासी, बॉडी, इंजिन, कशातच फेरफार चालत नाही. तुझी गाडी तिथे अडकणार."

पुतण्या लगेच पुढे सरसावला. "काका, विलायतेहून एमजीएचंच इंजिन आणू ना! कंपनीचं म्हणजे कंपनीचं."

मी त्याला विचारलं, "त्या इंजिनाचा नंबर आपल्या गाडीच्या कागदाशी जुळेल का?" नाही जुळणार. ते कुठल्यातरी दुसऱ्याच एमजीएतून निघालेलं असणार. मग पन्नासेक वर्षं या गाडीला ओढणारं इंजिन उतरवून तिथे परकं बसवायचं, आणि त्याला अस्सल म्हणायचं? मला हे पटत नाही. मामांच्या हातचं इंजिन उतरवणार नाही. नंबर प्लेट व्हीए नसली तरी चालेल.

ओझरचे काका तोवर गप्प होते. तिथल्या एचएएलच्या विमान कारखान्यात त्यांची उभी नोकरी गेली. ते म्हणाले, "मिग-२१ ओव्हरहॉलला आलं की इंजिन उतरायचं, दुसरं चढायचं. विमान तेच राहायचं, कारण लॉगबुकात सगळ्याची नोंद. नोंद नसलेला बोल्ट मात्र आम्ही बसवत नव्हतो. तुझी वही कुठंय?"

वही आहे. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर लावला, त्यासाठी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली, वायरिंग उलटी केली, सीटमागच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांऐवजी १२ व्होल्टची एक ठेवली, सगळं तारखेसह लिहिलंय. डायनॅमो तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर आहे. उद्या कुणाला वाटलं तर दोन पान्यांनी परत बसेल. डिस्ट्रिब्युटरचा बुश सातपूरच्या भाऊने गनमेटलचा काढून दिलाय, पार थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, हिशेबात. पायाखालच्या फळ्या नव्या प्लायच्या केल्या, कारण एमजीएला कारखान्यातूनच लाकडी फळ्या यायच्या.

माझं दुखणं इंजिन नाहीच. ते डॅशबोर्डवर आहे. मामांच्या आजारपणात गाडी एका गॅरेजला होती. तिथे कुणीतरी कॅसेट प्लेअर बसवायला पत्र्याला चौकोनी भोक पाडलं. कुणाला विचारलं नाही. कडेला ग्राइंडर घसरल्याचा ओरखडा आहे, कोपऱ्यातून गंज उतरलाय. एमजीएच्या दाराला बाहेरून कडी नसते, हात आत घालून दोरी ओढायची. तशी दोरी ओढून मी आत बसलो की पहिली नजर त्या भोकावरच जाते. पान्याने लावलेलं पान्याने निघतं. कटर लावून कापलेला पत्रा कुठून आणू?

"आणि ब्रेक?" वकीलसाहेबांनी शेवटी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. चारही चाकांना ड्रम आहेत. गेल्या मे महिन्यात कसारा घाट उतरताना ते तापले, पेडल दाबून दाबून मांडी भरून आली आणि गाडी म्हणावी तशी आवरेना. बायको शेजारी होती. १९५९ साली एमजीए १६०० आली तेव्हा कंपनीनेच तिला पुढे डिस्क दिल्या. मी त्याच बसवणार आहे. यावर साहेबांचं म्हणणं, १९५७ च्या गाडीला ते खोटंच. माझं म्हणणं, घाटात खाली उतरणाऱ्या माणसाला आधी गाडी थांबवता आली पाहिजे. ड्रम माळ्यावर डायनॅमोशेजारी राहतील, वहीत तारीख पडेल. यावर आमचं एकमत झालं नाही. दुसरा चहाही संपला.

बुश काढून देणारा भाऊ मात्र बोलण्यात नव्हताच. तो दोरी ओढून आत जाऊन बसला होता. पेपरचा तुकडा भोकावर धरून त्याने अंगठा चारी कडांवरून दाबत फिरवला, ठसा उमटवून घेतला.

"वेल्डिंग नको," बाहेर येत म्हणाला. "पत्रा तापला की वाकडा होईल. मापाची पट्टी करतो, मागून आधार देऊन स्क्रूने धरू. पाहिजे तेव्हा निघेल."

कागद घडी करून त्याने खिशात ठेवला. काकांनी मला वही उघडायला सांगितली.