तक्त्यात न दिसणारं गॅलॅक्टुरॉनिक आम्ल: एका प्रतिक्रियेला उत्तर

बटाट्याच्या पेशीभित्तिकेवरच्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. पेक्टिनचा, म्हणजे पेशीभित्तिकेतल्या शर्करांच्या लांब साखळीचा, कणा गॅलॅक्टुरॉनिक आम्लाचा (शर्करेपासून झालेल्या आम्लाचा) असं मी लिहिलं, पण सोबतच्या मिथिलेशनच्या (साखळीतले घटक कोणत्या कार्बनवर जोडलेले आहेत हे शोधण्याच्या पद्धतीच्या) तक्त्यात ते आम्ल नावालाही नाही. आणि बंध कळले तरी घटकांचा क्रम कळत नाही, म्हणून मी सांगितलेली रचना हा निव्वळ तर्क ठरतो.

पहिला आक्षेप मला अजिबात मान्य नाही. मिथिलेशनमध्ये मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांवर मिथिल बसवतात, मग आम्लाने साखळी तोडून तुकड्यांचे अल्डिटॉल ॲसिटेट, म्हणजे सहज वाफ होणारी संयुगं, करतात आणि ती गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रात वेगळी करून ओळखतात. युरॉनिक आम्लं (गॅलॅक्टुरॉनिक आम्ल त्यांतलंच) या वाटेने गॅस क्रोमॅटोग्राफपर्यंत पोचतच नाहीत. त्यांचे बंध आम्लाला सहजी दाद देत नाहीत, आणि जे सुटतं त्याचं अल्डिटॉल ॲसिटेट होत नाही. तक्त्यातली ती उणीव पद्धतीची आहे, बटाट्याची नव्हे.

यावरचा उपाय टेलर आणि कॉनरॅड यांनी १९७२ मध्ये दिला. कार्बोडायइमाइड या रसायनाने कार्बॉक्सिल गट (रेणूतला आम्लाचा भाग) सक्रिय करायचा आणि मिथिलेशनच्या आधीच त्याचं क्षपण करायचं, म्हणजे त्यावर हायड्रोजन चढवायचा, की गॅलॅक्टुरॉनिक आम्लाचं गॅलॅक्टोज होतं. बटाट्यात इथेच खरी मेख आहे. त्याच्या पेक्टिनला १,४ बंधांच्या गॅलॅक्टनच्या लांब शाखा असतात. त्यांतलं गॅलॅक्टोज आणि आम्लापासून झालेलं गॅलॅक्टोज क्रोमॅटोग्राफच्या आलेखावर एकाच शिखरात येतात. म्हणून क्षपणाला सोडियम बोरोड्युटेराइड वापरतात, म्हणजे आम्लातून आलेल्या घटकाच्या सहाव्या कार्बनवर दोन ड्युटेरियम (जड हायड्रोजन) बसतात. मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे तुकड्यांच्या वस्तुमानांच्या आलेखात, शाखेतल्या गॅलॅक्टोजचा २३३ चा तुकडा आम्लाच्या बाबतीत २३५ ला सरकतो. सहावा कार्बन नसलेला ११८ चा तुकडा जागचा हलत नाही. दोन्हींचं प्रमाण त्या एकाच शिखरातून काढता येतं. हा पुरावा मला फार आवडतो, कारण त्यात अंदाजाला जागाच उरत नाही.

क्रमाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, तो मिथिलेशनमधून कळत नाही. पण तो कळण्याची वाट वेगळी आहे. रॅम्नोगॅलॅक्टुरॉनन-१ या पेक्टिनच्या भागाच्या कण्यात गॅलॅक्टुरॉनिक आम्ल आणि रॅम्नोज ही शर्करा आळीपाळीने येतात. बेताच्या आम्लात रॅम्नोजचा बंध लवकर तुटतो, गॅलॅक्टुरॉनिक आम्लाचा तग धरतो. मग दोघांची जोडी अखंड हाती लागते, रॅम्नोजच्या दुसऱ्या कार्बनवर आम्ल जोडलेली. ज्या चिवटपणामुळे हे आम्ल तक्त्यातून निसटतं, त्याच चिवटपणामुळे त्याचा शेजारी कोण हे कळतं.