"आजी, इथे मराठी नको ना बोलूस"

आज डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

लेकीच्या शाळेत पालकसभा होती. आई सोबत आली होती. वर्गाबाहेर तिने पिशवीतून राजगिऱ्याची वडी काढली, "घे बाळा, भूक लागली असेल." माझी सात वर्षांची लेक इकडेतिकडे बघत दबक्या आवाजात म्हणाली, "आजी, इथे मराठी नको ना बोलूस." आईने वडी परत कागदात गुंडाळून ठेवली. एक शब्द बोलली नाही. आत गेलो तर बाई सांगतायत, घरीसुद्धा इंग्लिशच बोलत जा, म्हणजे मुलं वरच्या लोकांत कमी पडणार नाहीत.

वरच्या लोकांची भाषा! अहो, ही इंग्लिश खुद्द इंग्लंडात कोणाची भाषा होती? गुरं राखणाऱ्यांची. १०६६ साली फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मंडीचा विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकून राजा झाला आणि तिथल्या जमिनी त्याच्या सरदारांच्या घशात गेल्या. मोठ्या घरांत फ्रेंच, दरबारात फ्रेंच, पुढे कोर्टकचेरीतही तीच. गोठ्यातला 'काऊ' इंग्लिश, ताटातलं 'बीफ' मुळात फ्रेंच. १३०० च्या सुमाराला रॉबर्ट ऑफ ग्लॉस्टर हा इतिहासकार लिहून गेलाय की फ्रेंच येत नसेल तर माणसाला कोणी विचारत नाही. आमच्या बाईंचंच वाक्य, फक्त भाषा वेगळी.

आणि तरी झालं काय? ऑर्डरिक नावाचा एक मुलगा होता, जन्म १०७५. बाप फ्रेंच, बड्या नॉर्मन सरदाराच्या पदरी. आई इंग्रज. दहाव्या वर्षी बापाने त्याला नॉर्मंडीतल्या मठात धाडलं. पुढे त्याने लिहून ठेवलंय की तिथे लोक बोलायचे ते कळेचना, बायबलमधल्या, इजिप्तमध्ये परक्यांत पडलेल्या योसेफसारखी गत झाली. जिंकून वीस वर्षंही झाली नव्हती हो! बाप जेत्यांचा माणूस, आणि पोराला जेत्यांची भाषा येत नाही. कारण पोर ज्यांच्या कडेवर वाढलं ते इंग्लिश बोलत होते. हे वाचल्यापासून मला त्या मुलाच्या जागी माझी लेक दिसते आणि त्या कडेवाल्या बाईच्या जागी माझी आई, हातात वडी घेऊन उभी.

१२०४ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने नॉर्मंडी गमावली. दोन्हीकडे जमिनी असलेल्या सरदारांना इंग्लंडात राहायचं की तिकडे हे ठरवावं लागलं. राहिले ते हळूहळू इंग्लंडचेच झाले. त्याच शतकात बिब्सवर्थच्या वॉल्टरने एका सरदारीणबाईसाठी मुलांना फ्रेंच शिकवायला पद्यात पुस्तक लिहिलं, आणि अवघड शब्दांवर इंग्लिश अर्थ दिले. म्हणजे बघा, सरदारांच्या घरी फ्रेंच पुस्तकातून शिकवायची वेळ आली! मग फ्रान्सशी युद्ध पेटलं, फ्रेंच शत्रूची भाषा झाली. १३६२ ला कायदा आला की कोर्टात इंग्लिश बोला, लोकांना फ्रेंच समजत नाही. तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला. १३८५ मध्ये ट्रेव्हिसा नावाचा भाषांतरकार म्हणतो, शाळेतल्या पोरांना डाव्या टाचेला येतं तेवढंच फ्रेंच येतं. १३९९ मध्ये चौथ्या हेन्रीने गादीवरचा हक्क सांगितला तो इंग्लिशमध्ये.

हो, तीनशे वर्षं लागली आणि हजारो फ्रेंच शब्द पोटात घेऊन ती भाषा पार बदलली, मान्य. पोटापाण्याला इंग्लिश लागते, तेही मान्य. मी दिवसभर ऑफिसात तीच बोलते. पण तिच्यासाठी माझ्या आईने वडी परत पिशवीत का ठेवायची?

रिक्षात मी लेकीवर ओरडले. ती रडली. आता वाईट वाटतंय. तिचं काय चुकलं? शाळेत कानावर पडलं तेच ती बोलली. माझं लेकरू घाबरलं होतं, आणि ती भीती मी फी भरून विकत घेतलीय.

उद्या बाईंना भेटायला जाणार आहे, आईला घेऊन. बोलणार मराठीतच. आई म्हणतेय, "जाऊ दे गं, कशाला उगाच." नाही जाऊ देणार. वडी पण घेऊन जाणार आहे, तिथेच, वर्गाबाहेर, लेकीला द्यायला.