फोटो काढून घ्या ना!

रस्त्यात स्केचबुक उघडलं रे उघडलं की अख्ख्या मुंबईला माझ्याशी काम निघतं. दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या टोपल्यांमागे एक मावशी मान कलती करून सुईत दोरा ओवत असतात. मला ती मान हवी असते. तेवढीच. मिनिटभर पुरे. पण मागून आवाज येतोच, "मॅडम, फोटो काढून घ्या ना, घरी आरामात चित्र काढा!" झालं. मावशी दचकतात, पदर सारखा करतात आणि आधार कार्डाच्या फोटोसाठी बसल्यासारख्या ताठ होतात. अहो, फोटोत ती मान सापडत नाही म्हणून तर या गर्दीत धक्के खातेय!

लोकलमध्ये त्याहून कहर. शेजारची बाई वहीत डोकावते आणि समोर पेंगणारीला हलवून उठवते, "ओ ताई, तुमचं काढतेय बघा ही!" का? कशासाठी? रील काढणाऱ्याला कोणी हटकत नाही, पेन्सिलवालीला मात्र "परवानगी घेतली का?"

वर एका काकाचा फुकटचा सल्ला, "असली साधी माणसं कोण घेणार? गणपती काढा, खपेल." चित्रकार सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्टची प्रॅक्टिस सांभाळून वर्षानुवर्षं हीच माणसं रंगवली की हो! कामगार, प्रवासी, उपनगरातली गर्दी. पण हे सांगायचं कोणाला? तोवर तो काका "माझं काढा" म्हणून पुढ्यात उभा. काढलं, तर म्हणे नाक मोठं झालंय.

मोठंच आहे, काका.

आणि माझ्या रंगाच्या पाण्यात विडी विझवणारे महाभाग तर वेगळेच.