जागा काही खायला मागते का?

आई गेल्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून कोथरूडच्या फ्लॅटचं भिजत घोंगडं. वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दादा म्हणतो भाड्याने देत राहू, मी म्हणते विकू. ज्या नातेवाइकांना ते जिने कधी चढावे लागले नाहीत, ते सगळे दादाच्या बाजूने. “असू दे गं, जागा काही खायला मागते का?”

मागते! गेल्या वर्षीचा हिशेबच देते. भाडं १८,०००. एक महिना जागा रिकामी, म्हणजे हातात आले १,९८,०००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स २६,४००, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी लावते ते) धरून. (ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, हे सेक्रेटरींना शासन निर्णय दाखवून पटवावं लागलं, तो वेगळाच अध्याय.) महापालिकेचा कर ९,०००, कारण स्वतः राहणाऱ्याची ४० टक्के सवलत भाडेकरू आला की जाते. एजंटला एक महिन्याचं भाडं. जुना भाडेकरू गेल्यावर रंगकाम २५,०००. उरले १,१९,६००. फ्लॅटचे ६२ लाख येतील असं एजंट म्हणतो. म्हणजे दोन टक्केही सुटले नाहीत. साधी एफडी याच्या तिप्पट देते.

यात माझे हेलपाटे कुठेच नाहीत. मी ठाण्यात राहते. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरूबरोबरचा करार, नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकाची. नाही केली तर दंड, वेळ आली तर कैदही. ते निदान ऑनलाइन होतं. बाथरूमची गळती ऑनलाइन निस्तरत नाही. जुलैत सकाळी सातला खालच्या काकूंचा व्हॉट्सॲपवर फोटो आला: ओट्यावरच्या छताचे पोपडे सुटलेले, खाली दुधाच्या पातेल्यावर उलटं ताट झाकलेलं. सोबत शब्द एक नाही. मिळेल ती शिवनेरी पकडून गेले, फरशी फोडली, वॉटरप्रूफिंग होईपर्यंत तीन दिवस मैत्रिणीकडे मुक्काम. तो खर्च वरच्या हिशेबात घातलेलाच नाही.

दादाचा एकच मुद्दा मला खरोखर अडवतो, रीडेव्हलपमेंटचा. कोथरूडमध्ये जुन्या इमारती पटापट पाडल्या जाताहेत, आमची १९९३ची आहे, आज ना उद्या नंबर लागेल. पण आमचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, अजून झालेलं नाही आणि सभा पार्किंगच्या भांडणापुढे सरकत नाही. बिल्डरशी करार झाला असता तर मीच थांबू म्हटलं असतं. ‘होईल कधीतरी’वर किती वर्षं काढायची?

विक्रीवरच्या टॅक्सचा बागुलबुवाही लोक उगाच करतात. इतक्या जुन्या घराची १ एप्रिल २००१ची किंमत व्हॅल्युअरकडून काढून तीच खरेदीकिंमत धरता येते. जुलै २०२४च्या बदलानंतरही आपल्यासारख्यांना इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीकिंमत वाढवून धरणं) घेऊन २० टक्के किंवा न घेता १२.५ टक्के, ज्यात कर कमी बसेल तो. शिवाय आमच्यात निम्मंनिम्मं. सीएने कागदावर आकडा काढून दिला तेव्हा दादा जरा गप्प झाला.

परवा फोनवर तासभर वाद घालून शेवटी म्हणाला, “बरं, विकू. पण ७०च्या खाली एक रुपया नाही.”

म्हणजे येत्या पावसाळ्यातही काकूंचे फोटो मलाच येणार.