कसबी आणि कसबीण: नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नाना, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एकदा रागात, एकदा चहा घेता घेता. बाकीच्यांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी लिहिलं होतं की 'रांड' हा शब्द धंदा करणाऱ्या बायांवरून आला, म्हणून तो तोंडातून काढून टाका. नानांचं म्हणणं, "ताई, धुळ्यात बसून पुण्याचं मराठी नका शिकवू. आमनाकडे ती शिवी नही, बोलानी तऱ्हा शे. आणि वेश्येला सेक्स वर्कर म्हटल्याने तिचं काय भलं होणार?"

आधी माझी चूक कबूल करते. शब्द धंद्यावरून आलेला नाही. मूळ संस्कृत 'रंडा'. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात 'रांड'चा पहिला अर्थ विधवा असाच आहे. 'रांडमुंड', 'रंडकी' हे त्याच घरातले. नवरा मेलेली आणि बाजारात बसलेली, दोघींना मराठीने एकच शब्द पुरवला. कारण मला तरी एकच दिसतं: दोघींच्या डोक्यावर धनी नाही.

'बोलानी तऱ्हा' मला नवी नाही. माझी मामी दूध न देणाऱ्या शेळीला रांड म्हणायची आणि शिळी भाकर पहिली तिलाच घालायची. पण दुसरंही पाहिलंय. शिरपूरकडच्या एका लग्नात, मी आठ-नऊ वर्षांची असेन, आजीने हळदीच्या ताटाकडे हात नेला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "रांडकीना हात नको वं." आवाजात राग नव्हता, शिवी देण्याचा हेतूही नव्हता. आजीने हात लुगड्याला पुसला. त्याला हळद लागलेलीच नव्हती. मग ती मागच्या दारी चुलीपाशी गेली आणि दुपारपर्यंत खापरावर पुरणपोळ्या टाकत बसली. त्या पोळ्या अख्ख्या वऱ्हाडाने खाल्ल्या.

आता तुमचा दुसरा मुद्दा. शब्द बदलून काय होतं? फार होत नाही, हे मान्य. मराठीने हा खेळ आधीच खेळून पाहिलाय. 'कसब' म्हणजे हुन्नर, मूळ अरबीत कमाई. कसबी कारागीर म्हटलं की गवंड्याची छाती फुगते, आणि 'कसबीण' म्हटलं की बाई दार लावून घेते. कलावंताला शाल-श्रीफळ, 'कलावंतीण' म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. नायक तो नायक, नायकीण मात्र माडीवरची. चांगले भले शब्द होते, बाईच्या अंगावर चढले आणि नासले. त्यामुळे 'सेक्स वर्कर'चंही उद्या तेच होईल, ही तुमची शंका मला खोडता येत नाही.

पण नाना, शब्द कोण ठरवतं याने फरक पडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी पुस्तिका काढली. 'प्रॉस्टिट्यूट' लिहू नका, 'सेक्स वर्कर' लिहा, असं तिच्यात होतं. मानवी तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांनी हरकत घेतली: जिला फसवून, विकून आणलं, तिला 'वर्कर' कसं म्हणता? काही महिन्यांतच न्यायालयाने तो शब्द बदलायचं मान्य केलं. हरकत खोटी नव्हती. पण तिकडे सांगलीत, १९९६ मध्ये, धंद्यातल्या बायांनी स्वतःची संघटना काढली तेव्हा नाव ठेवलं 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. आपण सभ्य माणसं जो शब्द चिमट्याने धरतो, तोच त्यांनी पाटीवर लिहिला. त्यांच्यासमोर मी 'शरीरविक्रय करणारी महिला' असं लांबलचक बोलले असते तर हसल्या असत्या बहुतेक.

म्हणून त्यांना काय म्हणायचं ते त्यांनाच विचारून म्हणेन. शुद्ध मराठी शिकवायला तिथे जाणार नाही. तुमच्याकडेही नाही. व्युत्पत्तीचं चुकलेलं वाक्य आज दुरुस्त केलंय, खाली तुमचे आभारही लिहिलेत. शब्द तोंडातून काढा, हे वाक्य मात्र तसंच ठेवते, फक्त शेळीला सूट दिली आहे.